फिल्म गप्प असली की वर्ग बोलतो

नमस्कार. इथे बसलेले बरेचजण जर्मन शिकवतात, काहीजण या वर्षापासून सुरू करणार आहेत, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही, जे वर्गात करून बघितलंय तेच सांगते.

शॉर्टफिल्म दाखवायची म्हटलं की आपल्या डोक्यात आधी ऐकणं येतं. खरी जर्मन माणसं कशी बोलतात ते एकदा कानावर पडू दे, असं आपल्याला वाटतं, आणि वाटण्यात काही चूक नाही. पण अगदी नवख्या वर्गात ते जमत नाही हो. युरोपचा जो भाषापातळ्यांचा आराखडा 2001 साली आला, ज्याच्यावर आपलं ए-वन, ए-टू सगळं चालतं, त्यात ए-वनच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या माणसाला ऐकून काय समजावं ते लिहिलंय. बोलणं अगदी सावकाश असेल, शब्दनशब्द स्वच्छ असेल आणि मधे मधे मोठा पॉझ असेल तर त्याला समजेल. आता फिल्ममधलं कुठलं पात्र असं बोलतं, सांगा. भांडणारा माणूस पॉझ घेत नाही आणि रडणारी बाई स्वच्छ उच्चार करत नाही. त्यात जर्मन शिकवणाऱ्या, परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटची ए-वनची शब्दयादी साधारण 650 शब्दांची, आणि तेवढे शब्द तोंडात बसायलाच आपल्या मुलांचे काही महिने जातात.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. शिकवायला लागले त्या वर्षी चौथ्या आठवड्यातल्या बॅचला मी भरपूर डायलॉग असलेली फिल्म लावली, मला स्वतःला ती फार आवडायची म्हणून लावली, दुसरं काही कारण नव्हतं. संपल्यावर दिवे लागले आणि वर्गात कुणीच कुणाकडे बघेना. रोज पहिल्या बाकावर बसून हात वर करणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मला एक पण शब्द नाही कळला, मला हे जमणार नाही बहुतेक." चार आठवडे तिला जे येत होतं ते सगळं त्या बारा मिनिटांत तिच्यासाठी शून्य झालं होतं. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. हे मला अजून लागतं.

तेव्हापासून मी नवख्या वर्गासाठी फिल्म निवडताना एकच बघते, तिच्यात बोलणं किती कमी आहे. पडद्यावर माणसं गप्प असली की वर्गाला बोलावंच लागतं, कारण तिथे जे घडतंय ते कुणीतरी सांगायला हवं ना! आणि घडतंय ते डोळ्यांसमोर असल्यामुळं "काय बोलू" हा प्रश्न उरत नाही, फक्त "कसं बोलू" एवढाच उरतो, आणि तो शिकवायलाच तर आपण तिथे असतो.

माझी सगळ्यात लाडकी आहे 'बॅलन्स', लाउएनश्टाइन या जुळ्या भावांनी 1989 साली केलेली बाहुल्यांची ॲनिमेशन फिल्म, 1990 मधे तिला ऑस्कर मिळालं. हवेत तरंगणारी एक सपाट फळी, तिच्यावर लांब कोट घातलेली एकसारखी दिसणारी पाच माणसं, एक सरकला की फळी कलते म्हणून दुसऱ्यांनाही सरकावं लागतं. मग त्यातला एक गळ टाकून खालून एक पेटी वर ओढतो, त्या पेटीतून संगीत येतं आणि मग तिच्यासाठी जे सुरू होतं ते सुरू होतं. सात-आठ मिनिटं, आणि एक शब्द नाही.

आता या फिल्ममधे ए-वनचं किती काय भरलंय बघा. लिंक्स, रेष्ट्स, फोर्नं, हिंटन, म्हणजे डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, हे सगळं पहिल्या मिनिटातच लागतं. माणसांना नावं नाहीत, पाठीवर दोन आकडी नंबर आहेत, त्यामुळं कुणाबद्दलही बोलायचं तर नंबर घ्यावा लागतो आणि जर्मन आकडे आपोआप घोटले जातात. तसंही आकड्यांना आपण घाबरायचं काही कारण नाही. 'फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणजे पाच आणि वीस, आधी एकक मग दशक, आपलं पंचवीस तरी वेगळं काय आहे? इंग्रजीतून जर्मनकडे गेलं की हे उलटं वाटतं, मराठीतून गेलं की सरळ वाटतं, म्हणून मी वर्गात मुद्दाम मराठीतूनच नेते.

मग तो एकेक माणूस पडायला लागतो. 'एर फेल्ट', तो पडतो. मूळ क्रियापद 'फालन', पण एर बरोबर आत 'ए' येतो, हे पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत दहा वेळा वाचून विसरतात आणि इथे माणूस खरंच खाली जाताना बघून ओरडतात, एर फेल्ट, एर फेल्ट, आणि मग नाही विसरत. ए-टूकडे जाताना तीच फिल्म परत लावायची आणि झालेलं सांगायला लावायचं. तो पडला, 'एर इस्ट गेफालन'. त्यानं पेटी ओढली, 'एर हाट डी किस्टे गेत्सोगन'. पडला तिथे इस्ट, ओढली तिथे हाट. जागा बदलणाऱ्या क्रियापदांना झाइन लागतं, ज्याचं रूप इस्ट, हा नियम मी आता आधी सांगतच नाही, दोन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिते आणि गप्प बसते, कुणीतरी सांगतंच.

शेवटी एकच माणूस उरतो, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला पेटी. तो हलला तर पेटी जाणार. तिथे एका मुलानं जे वाक्य केलं ते सांगते. 'एर म्योश्टे डी मुझीक ह्योरन, आबर एर कान निश्ट.' त्याला संगीत ऐकायचंय, पण जमत नाहीये. तीन महिने झाले होते त्याला जर्मन शिकायला लागून, आणि सगळी फिल्म त्यानं एका वाक्यात आणली, क्रियापद बरोब्बर शेवटी ठेवून. अर्थात क्रियापद शेवटी ठेवणं ही मराठी माणसाची सवयच आहे, ती त्याला त्या दिवशी उपयोगी पडली.

पण मराठी सगळीकडे मदत करते असं नाही, आणि जिथे ती मदत करत नाही तिथेच फिल्मचा खरा उपयोग होतो असं माझं मत झालंय. आपण म्हणतो, कप टेबलावर ठेवला. आणि म्हणतो, कप टेबलावर आहे. दोन्हीकडे टेबलावर. जर्मनमधे ठेवताना 'आउफ डेन टिश', ठेवून झाल्यावर 'आउफ डेम टिश'. एका न आणि म चा फरक, म्हणजे आक्कुझाटिफ आणि डाटिफ या दोन विभक्तींचा फरक, आणि आपल्या कानाला तो फरक कशासाठी आहे तेच कळत नाही कारण आपल्या 'वर'ला काही होतच नाही. मी किती तक्ते काढले असतील यासाठी! शेवटी एक साधा शॉट सापडला, कुठल्याही घरगुती फिल्ममधे असतो तो, हात कप घेऊन येतो, टेबलाकडे जातो, कप टेकतो, हात निघून जातो. हात चालू असताना थांबवायचं आणि विचारायचं 'वोहिन', कुठे नेतेय? 'झी श्टेल्ट डी टासे आउफ डेन टिश.' हात निघून गेल्यावर थांबवायचं आणि विचारायचं 'वो', कुठे आहे? 'डी टासे श्टेट आउफ डेम टिश.' मधे फक्त एक सेकंद गेलेला असतो. तो एक सेकंद पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायचं, मुलं हसायला लागतात पण डेन आणि डेम बरोबर त्या त्या फ्रेमवर म्हणतात. पुस्तकातल्या चित्रात हे करता येत नाही कारण चित्रात हात हलत नाही. आणि हा शॉट मुलांना मोबाईलवर स्वतःला काढता येतो, पुस्तक कपाटात, खुर्ची खिडकीपाशी, जे हाताशी असेल ते.

सबटायटल्सबद्दल हमखास विचारतात म्हणून थोडक्यात सांगते. ज्या भाषेत वाचायला सोपं पडतं त्या भाषेतली सबटायटल्स लावली की डोळे खालीच राहतात, कान बंद होतात. लावायचीच तर जर्मन लावा, तीही दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. पहिल्यांदा बघताना आवाज सुद्धा बंद चालेल, मी तर बऱ्याचदा बंदच ठेवते.

बोलणं थोडं असलेल्या फिल्म कधी आणायच्या? माझ्या मते ए-वन संपत आल्यावर, आणि तेव्हा सुद्धा आधी मुकी दाखवायची. कोण कुणाला 'डू' म्हणतंय आणि कोण 'झी', हे आपल्या मुलांना आवाजाशिवाय चेहऱ्यावरून ओळखता येतं, तू आणि तुम्ही घरातच शिकलेलो असतो आपण. आधी अंदाज करायला लावायचा आणि मग आवाज लावून तपासायचा. त्या वेळी कान इतके टवकारलेले असतात की एरवी निसटणारे 'आख झो' (अच्छा, असं होय), 'डॉख' (अहो, आहे की), 'गेनाउ' (अगदी बरोबर) हे छोटे शब्दही पकडतात, आणि जर्मन माणसाचं निम्मं बोलणं तर याच शब्दांवर तरलेलं असतं.

आता 'श्वार्त्सफारर' बद्दल बोलायलाच हवं, कारण जर्मनच्या वर्गांत ती फार दाखवली जाते. पेपे डांक्वार्टची ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म, बारा मिनिटांची, 1994 मधे ऑस्कर मिळालेली. बर्लिनची ट्राम, एका काळ्या तरुणाशेजारी बसलेली म्हातारी बाई त्याला आणि सगळ्याच परक्यांना लागोपाठ घालूनपाडून बोलते, डब्यातलं कुणी काही म्हणत नाही, आणि तिकीट चेकर येतो तेव्हा तो तरुण शांतपणे तिचं तिकीट खाऊन टाकतो. नावातच श्लेष आहे, श्वार्त्सफारर म्हणजे विनातिकीट प्रवासी, आणि श्वार्त्स म्हणजे काळा. भाषेच्या दृष्टीनं फार सुंदर आहे ती. डेर फारशाइन, म्हणजे तिकीट, पुल्लिंगी, म्हणून 'त्यानं ते खाल्लं' म्हणताना 'ते'साठी पुल्लिंगी 'ईन' येतं. बाई 'एसन' न वापरता 'फ्रेसन' घराण्यातलं क्रियापद वापरते, जे जनावरांच्या खाण्याला वापरतात, आणि त्या एका शब्दात तिचं सगळं मन दिसतं.

पण नवख्या मुलाला शब्दाचं वजन कळत नाही. परक्या भाषेतली शिवी त्याला नुसता आवाज वाटतो आणि तो ती मधल्या सुट्टीत मजेनं म्हणून बघतो. त्या बाईच्या तोंडी असे शब्द आहेत जे आज कुणीही उच्चारू नयेत. म्हणून मी ए-वनला ही फिल्म आवाज बंद करून दाखवते, फक्त चेहरे. कोण खिडकीबाहेर बघतंय, कोण मान खाली घालतंय, कोण चढलं, कोण उतरलं, 'एर श्टाइग्ट आइन', 'एर श्टाइग्ट आउस'. एवढं पुरतं. आवाज नंतर, जेव्हा त्या शब्दांबद्दल नीट बसून बोलण्याइतकी भाषा आलेली असेल तेव्हा. काही शिक्षक म्हणतात की त्या वेळी मराठीतून किंवा इंग्रजीतून चर्चा घ्यावी, तेही पटण्यासारखं आहे, पण चर्चेशिवाय आवाज लावू नका एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

बाकी बोलण्यापेक्षा करून बघू. वह्या बाजूला ठेवा, पेनं पण. 'बॅलन्स' लावतेय, पेटी फळीवर आली की थांबवणार आहे आणि शेजारच्याला एकच प्रश्न विचारायचा, 'वास पासीर्ट येत्स्ट', आता काय होणार? उत्तर ए-वनच्या मुलाला येईल तेवढ्याच जर्मनमधे द्यायचं. मागच्या रांगेतल्यांनी जरा दिवे घालवा.