पडद्यामागून पडद्यापुढे: 'डिस्को दीवाने'

मित्रहो, सुरुवात शिकागोपासून करू. १२ जुलै १९७९. बेसबॉलचं मैदान, दोन सामन्यांच्या मधली वेळ. डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग मैदानात रचतात, स्फोटानं उडवतात आणि हजारो पोरं कुंपण ओलांडून आत घुसतात. अमेरिकेनं डिस्कोची तिरडी बांधली ती अशी. आपल्याकडे मात्र वरात अजून निघायचीच होती!

१९८०मध्ये फिरोज खान यांचा 'कुर्बानी' आला. संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं लंडनहून आलं, 'आप जैसा कोई'. ते बिद्दूचं. बिद्दू मूळचा बंगळुरूचा. इंग्लंडात जाऊन १९७४मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्यानं घडवलं आणि ते जगभर वाजलं. गायिका होती कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढणारी नाझिया हसन. वय पंधरा. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं आणि १९८१मध्ये तिचा पहिला अल्बम आला, 'डिस्को दीवाने'. सोबतीला भाऊ झोहेब, संगीत पुन्हा बिद्दूचं.

आता त्या आवाजाकडे येऊ. लताबाईंच्या उंच, घोटीव सुरावर तीस वर्षं पोसलेला आपला कान. त्यात ही मुलगी खालच्या पट्टीत गाते, थोडी नाकात गाते, मुरकीच्या वाटेला जात नाही. शिकलेल्या कानांनी नाकं मुरडली असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. पण नीट ऐका. त्या आवाजावर तोच आवाज पुन्हा बसवल्यासारखा वाटतो. त्यामुळे तो भरतो आणि थोडा दूरही जातो. कुणाला रिझवण्याची त्याला घाई नसते. पंधरा-सोळाव्या वर्षी जी बेफिकिरी असते ना, ती रियाजानं येत नाही; उलट रियाजानं जाते.

आणि नावात डिस्को असला तरी सगळा अल्बम नाचरा नाही. 'लेकिन मेरा दिल' लावून बघा. चांगलं उदास गाणं आहे. शीर्षकगीतातल्या त्या 'आहा आहा'नं त्याला झाकून टाकलं, याची मला अजून रुखरुख आहे.

पण माझा आजचा मुद्दा वेगळाच आहे. 'आप जैसा कोई' आपण पाहिलं ते झीनत अमानच्या ओठांवर. आपली रीतच ती. गाणारी काचेच्या खोलीत, नाचणारी पडद्यावर. 'डिस्को दीवाने'त मध्ये नायिकाच नव्हती. वेष्टनावर गाणाऱ्यांचेच चेहरे. आता कुणी म्हणेल, गैरफिल्मी गाणं आपल्याला काय नवं? भावगीत होतं, गझल होती, भजन होतं. होतंच की. पण ते सगळं बैठकीचं गाणं. कॉलेजच्या पोरांनी स्वतःचं म्हणावं, त्यावर नाचावं, असं हिंदी गाणं तोवर सिनेमातूनच यायचं.

आणि ते पसरायच्या वाटाही सिनेमाच्याच होत्या. रेडिओवरच्या 'बिनाका गीतमाला'च्या पायऱ्या फिल्मी गाण्यांसाठी. टीव्ही म्हणजे एकटं दूरदर्शन, तेही तोवर कृष्णधवल. रंग आला १९८२च्या एशियाडच्या वर्षी. अशा वेळी ही तबकडी गाजली, त्यात मला कॅसेटचा मोठा वाटा दिसतो. आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानात टेपरेकॉर्डर असायचा, एका कॅसेटवरून दुसरी भरून घेता यायची आणि हे गाणं तशा प्रवासाला अगदी सोयीचं. शब्द थोडे, ठेका पक्का.

सिनेमानं मग काय केलं? हा सूर उचलला. १९८२ पाहा. 'नमक हलाल'मध्ये 'जवानी जानेमन', त्याच वर्षअखेरीस 'डिस्को डान्सर', दोन्हीकडे बप्पी लाहिरी. डिस्को यांच्याआधी आपल्याकडे नव्हताच असं नाही, पण आता त्याचा पूर आला. खुद्द नाझिया-झोहेबचा पुढचा अल्बम 'बूम बूम' कुमार गौरवच्या 'स्टार' या चित्रपटाची गाणी म्हणून आला. म्हणजे एका वर्षात गाणं पुन्हा पडद्यामागे! गाणी चालली, चित्रपट आपटला.

पुढे 'यंग तरंग' वगैरे अल्बम आले, ते मी सोडून देतो. सिनेमाचा टेकू न घेता हिंदी पॉप देशभर दणदणीत वाजलं ते १९९५मध्ये, अलीशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'नं. संगीत कुणाचं? बिद्दूचंच. मधल्या चौदा वर्षांत बिद्दू तसा फारसा बदलला नव्हता. बदलली होती ती गाणारीचा चेहरा घरोघर पोचवणारी यंत्रणा. एव्हाना एमटीव्ही आणि चॅनल व्ही या गाण्यांच्या वाहिन्या आल्या होत्या.

नाझिया १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगानं गेली, पस्तिसाव्या वर्षी. २०१२मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'साठी 'डिस्को दीवाने' नव्यानं बांधलं गेलं. सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांच्या जोडीला नाझियाचंही नाव श्रेयात आहे, तिचा जुना आवाजही त्यात आहे. पडद्यावर ओठ हलतात ते आलिया भटचे.