वळताना खंय बघतंस?

नमस्कार. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला सांगितलं होतं, "गाड्यांच्या शर्यतीवर बोला, तरुण पोरं येतील." समोर बघतो तर निम्मी मंडळी साठीच्या पुढची. मला हायसं वाटलं. तरुण पोरांनी मोबाइलवर फॉर्म्युला वनच्या चकचकीत गाड्या पाहिलेल्या असतात, त्यांना ऑटोक्रॉस म्हणजे काय हे पटवताना घसा सुकतो. तुम्ही नांगरणी स्पर्धा पाहिलेल्या आहेत, त्यामुळे माझं अर्धं काम झालेलंच आहे.

संगमेश्वर, लांजा, चिपळूण या बाजूला पावसाळ्यात चिखलनांगरणी होते, ती आठवा. मळ्यात चिखल, कडेला झेंडे, एका वेळी एकच जोडी सुटते. शेजारी दुसरी जोडी पळत नसते, पळत असतं ते घड्याळ. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. झेंड्याच्या आतून जोडी गेली तर फेरी बाद. ऑटोक्रॉस नेमका हाच प्रकार. मोकळं मैदान, त्यावर प्लॅस्टिकचे शंकू लावून आखलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एक गाडी आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारं घड्याळ. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. एखादं वळण चुकवलं की फेरी बाद. गट पडतात ते इंजिनाच्या सीसीवर, आणि मूळ गाडी की बदल केलेली गाडी यावर. महिलांचा गट बहुतेक ठिकाणी वेगळा असतो.

आपल्या देशात हे बहुतेक मातीवर चालतं. अमेरिकेत डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या तळांवर चालतं, तिथे एका शंकूचा दंड दोन सेकंद. आपल्याकडे आयोजक आपापल्या नियमपत्रकात दंड ठरवतात, म्हणून ते पत्रक आदल्या रात्री वाचावं. एक फेरी साधारण मिनिटभराची. वेग फार नाही, ताशी साठ-सत्तरच्या पुढे क्वचित जातो. हायवेला यापेक्षा जोरात तुमची एसटी जाते. हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही या खेळाची देशातली मुख्य संस्था. तिच्या मान्यतेची स्पर्धा असेल तर तिचा परवानाही लागतो.

आता माझी गाडी. मारुती एस्टीम. १९९४ साली ती बाजारात आली तेव्हा आमच्या गावात ती डॉक्टरकडे होती, आणि ती रस्त्याने गेली की आम्ही पोरं वळून बघायचो. माझी नंतरची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी. १२९८ सीसी, ८५ अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आत. आकडे आजच्या मानाने किरकोळ वाटतील, पण एवढ्या हलक्या गाडीला ८५ घोडे म्हणजे चांगलेच आहेत. म्हणून रॅलीवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं वापरली. जुनी मिळते, स्वस्त मिळते, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीला तिचं इंजिन उघडता येतं.

कोकणातल्या जुन्या गाडीला एक जन्मजात दुखणं असतं, ते म्हणजे गंज. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वरून खारा वारा. बाहेरून रंग झकास, आत फ्लोअर चाळणी. स्पर्धेआधी गाडी तपासतात, त्याला स्क्रुटिनी म्हणतात. घाटावरच्या तपासनिसाला एमएच-०८ची, म्हणजे रत्नागिरीची पाटी दिसली की तो बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकतो. पुढचा शॉकॲबसॉर्बर जिथे बॉडीला धरलेला असतो तो भाग स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून बघतो. बरोबरच करतो. वळणावर सगळा भार तिथे येतो. माझ्या गाडीवर पहिला खर्च झाला तो पत्र्यावर, वेल्डिंगवर. ते काम कुणाला दिसत नाही आणि त्याचा आवाजही येत नाही.

आवाजाचं नाव काढलंच आहे तर सांगतो. गाडी मॉडिफाय करायची म्हटलं की आपल्या पोरांचं डोकं सायलेन्सरकडे जातं. माझ्या भाच्याने मोठ्या बोअरचा पाइप बसवला, वर तो शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर. गाडी आडिवऱ्याला सुरू केली की राजापूरला कळावं असा आवाज. पण ऑटोक्रॉसमध्ये आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असतो. सारखं थांबायचं, वळायचं, उठायचं. उठायला लागते ती इंजिन हळू फिरत असतानाची ओढ, आणि गरजेपेक्षा रुंद पाइपने नेमकी तीच जाते. उघडा फिल्टर तर जांभ्याच्या मैदानात इंजिनाला लाल धूळ भरवतो. कंपनीचा कागदी फिल्टर, त्याच्या मूळ डब्यात, दर स्पर्धेनंतर बदललेला, याच्याइतकं चांगलं काही नाही. भाच्याला हे पटलेलं नाही. तो आज इथे बसलेला आहे, म्हणून पुढे बोलत नाही.

मग बदललं काय? मागची सीट, कार्पेट, स्टेपनी काढली. इंजिनाखाली जाड पत्र्याचा संप गार्ड लावला, कारण दगडाने ऑइलची टाकी फुटली की दिवस संपला. कंबर घट्ट धरणारी सीट आणि चार ठिकाणी बांधलेला पट्टा बसवला. हे सुरक्षेसाठी तर आहेच, पण एक वेगळंही आहे. शरीर घसरत असेल तर माणूस स्टिअरिंगला लोंबकळतो, आणि लोंबकळणाऱ्या हाताला पुढच्या चाकांची पकड सुटतेय हे कळत नाही. हँडब्रेकच्या दांड्याचा खटका काढून टाकला, म्हणजे ओढला की धरतो आणि सोडला की अडकून न राहता खाली पडतो. स्प्रिंगा मात्र कडक केल्या नाहीत. डांबरावर कडक स्प्रिंग चालते. मातीवर चाक खड्ड्यात उतरून जमिनीला चिकटून राहायला हवं, कडक केलं तर ते हवेत उड्या मारतं.

आणि टायरमधली हवा. सगळ्यात स्वस्त बदल, पंपावर फुकट होतो. एस्टीमचं वजन पुढे आहे, ओढणारी चाकंही पुढची. अशी गाडी घट्ट वळणात नाक बाहेर काढून सरळ जाऊ बघते. मागच्या टायरात थोडी हवा जास्त ठेवली की मागची पकड जरा कमी होते आणि शेपूट फिरायला तयार होतं. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. त्याच क्षणी स्टिअरिंग वळवून हँडब्रेकचा एक झटका दिला, की गाडी स्वतःभोवती फिरून पुढच्या शंकूकडे तोंड करून उभी. हे बोलायला मला जेवढा वेळ लागला त्यात तीन वळणं होतात.

माझ्या गाडीचं काम बघणारे मिस्त्री मूळचे कुडाळचे. मी त्यांच्याकडे सारखा इंजिनाच्या तक्रारी घेऊन जायचो. ओढत नाही, कॅम बदलूया का, हेड घासूया का. एकदा ते मैदानावर आले, माझ्या फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "इंजनात काय एक नाय. तू वळताना खंय बघतंस तां माका सांग."

मी जवळच्या शंकूकडे बघत होतो, म्हणजे सगळेच बघतात तिथे. आता हिशेब करा. ताशी पन्नासच्या वेगाला गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. दोन शंकूंमध्ये अंतर पंधरा-वीस मीटर. म्हणजे डोळ्याने पाहून, डोक्याने ठरवून, हाताने वळवेपर्यंत तो शंकू मागे गेलेला असतो. जवळच्या शंकूकडे बघणारा कायम एक वळण उशिरा असतो, आणि उशिराला इलाज म्हणून स्टिअरिंग जास्त वळवतो, त्याने पुढची चाकं आणखी घसरतात. नजर पुढच्या शंकूवर ठेवली, हा शंकू डोळ्याच्या कोपऱ्यात सोडून दिला, की हात आपोआप शांत होतात. ऐकायला सोपं आहे. करताना मान वळवायची भीती वाटते, कारण आपण जिथे चाललोय तिकडे न बघणं हे अंगाला पटत नाही. म्हणून फेरीआधी ट्रॅक पायी फिरू देतात तेव्हा मी शंकू मोजत नाही. प्रत्येक वळणाला उभा राहून पुढचं काय दिसतं ते बघतो. खाली वाकून, गाडीत बसल्यावर डोळा जेवढ्या उंचीवर असेल तेवढ्या उंचीवरून. लोक हसतात, हसू देत.

मातीचाही एक स्वभाव असतो. सकाळी पहिल्या गाड्यांना वर सुटी खडी मिळते, त्या ती झाडून बाजूला करतात, मागच्यांना खालचा कठीण थर मिळतो. म्हणून आपला नंबर मागे लागला तर कुरकुरू नये. पण दुपारपर्यंत वळणांवर चर पडतात आणि तोच फायदा उलटतो. मध्येच धुळीसाठी पाण्याचा टँकर फिरवतात, की पुढच्या दोन-तीन गाड्यांना लाल साबण. टँकर कधी येणार हे चहावाल्याला माहीत असतं, त्याच्याशी मैत्री ठेवावी.

एका स्पर्धेत देवरुखकडची एक बाई मारुती आठशे घेऊन आली होती. बदल काही नाही, मागच्या काचेवर शाळेच्या व्हॅनचा स्टिकर तसाच. आठशे म्हणजे ७९६ सीसी, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्या दिवशी मार्ग फारच आखूड आणि वळणाचा आखला होता, जोर लावायला सरळ पट्टाच नव्हता. ती एकही शंकू न हलवता, कुठे धूळ न उडवता फिरून आली. प्रेक्षकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, कारण बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं. फळ्यावर वेळ लिहिली तेव्हा खुल्या गटातल्या निम्म्या गाड्या तिच्या खाली होत्या. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाली, "तेरा पोरं मागे बसवून घाटीतून न्यायची, एकालाही उलटी होता कामा नये." यावर मी काय बोलणार?

आता कायद्याचं बोलतो, कारण इथे बसलेल्या आईबापांना तेच हवं आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९चा वेगळा गुन्हा. कशेडी, आंबा, गगनबावडा या घाटांत रात्री घड्याळ लावून गाड्या पळवणारी पोरं मला ठाऊक आहेत, आणि माझं मत मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे: समोरून येणाऱ्या आंब्याच्या टेम्पोने तुमच्या खेळात नाव नोंदवलेलं नाही.

म्हणून माझी गाडी स्पर्धेला टेम्पोच्या हौद्यावर चढून जाते. आंबा घाटाच्या चढाला चहाला थांबलो की लोक गोळा होतात आणि पहिला प्रश्न हमखास, "कुठे ठोकलीत?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो. आता सांगतो, हातखंब्याला. मग ते हळहळतात, चहाचे पैसे घेत नाहीत.

पण घाट चढून जायची वेळ का यावी, हा माझा खरा प्रश्न आहे. कोल्हापूरला, पुण्याला, गोव्याला जायचं आणि आपल्याकडे मात्र जागा नाही? जागेचा विषय निघाला की प्रत्येक जण सडा दाखवतो. मैलभर उघडा कातळ, झाड नाही, घर नाही, शंकू लावा आणि पळवा. मी याच्या विरोधात आहे, आणि ठाम विरोधात आहे. उन्हाळ्यात ओसाड दिसणारा हा कातळ पाऊस पडला की फुलांनी भरतो. दिपकाडी तिथे उगवते, आणि तिचं रानातलं घर म्हणजे हे कोकणातले सडेच. त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी. २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अजूनही नवी सापडताहेत, म्हणजे आपण जिथे हँडब्रेक ओढू तिथे मातीखाली काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. किनाऱ्याचंही तेच. वाळूत गाडी घालणाऱ्या पाहुण्यांना आपण शिव्या देतो, मग स्वतः तिथे स्पर्धा कुठल्या तोंडाने भरवणार?

राहिली चिरेखाण. चिरे काढून संपलेल्या खाणी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत ठिकठिकाणी पडून आहेत. तळ बऱ्यापैकी सपाट, कातळ आधीच गेलेला, आवाज भिंतींच्या आत राहतो. अडचणी आहेत. यंत्राने चिरे कापल्यावर तळाला पायऱ्या आणि खाचा राहतात, त्या मातीने भरून रोलर फिरवावा लागेल. पावसाळ्यात तळं होतं, म्हणजे हंगाम डिसेंबर ते मे. भिंतीपासून मार्ग भरपूर आत ठेवावा लागेल आणि प्रेक्षकांना वरच्या काठावर कुंपणाशिवाय उभं करता येणार नाही. आखूड मार्गाला शंभर मीटर लांब आणि सत्तरेक मीटर रुंद तळ मिळाला तरी माझं भागेल.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या वाडीजवळ एवढी मोठी बंद पडलेली खाण असेल, तर आधी तिच्या मालकाशी आणि ग्रामपंचायतीशी बोला, मग मला फोन करा. मी टेप घेऊन येतो. एकच अट आहे, खाली उतरायचा रस्ता ॲम्ब्युलन्स जाईल एवढा रुंद हवा. तेवढा नसेल तर मला बोलावू नका. आता भाच्याला काही विचारायचंय असं दिसतंय, हात वर आहे त्याचा.