पार्टिशन केलं आणि कम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे पाहा

[कॅमेऱ्यासमोर. मागे टेबलावर उघडलेला सीपीयू.]

नमस्कार मंडळी. घरघर ऐकू येतेय ती कम्प्युटरची नाही, कूलरची आहे. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करून व्हिडिओ काढायची माझी हिंमत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

हा मागे पडलाय तो सीपीयू माझ्या मावसभावाचा. महाल भागातून स्कूटरवर मांडीत धरून आणला त्याने. रविवारी सकाळी फोन, "दादा, कम्प्युटर सारखा बंद-चालू होऊन राहिला." मी म्हटलं, काय केलं बे तू? "काहीच नाही केलं."

तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट संपेपर्यंत सगळं बाहेर आलं. सी ड्राइव्ह लाल झाली होती. डीमध्ये जागा होती. एक फुकटचं पार्टिशन सॉफ्टवेअर टाकलं, डीची थोडी जागा सीला दिली, अप्लाय दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं रीस्टार्ट लागेल. काळ्या पडद्यावर टक्के सुरू झाले आणि एकवीस टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएस? दोन वर्षांपासून माळ्यावर.

आता हे समजायला वावराकडे चला. डिस्क म्हणजे वावर, पार्टिशन म्हणजे वाटणी, आणि पार्टिशन टेबल म्हणजे सातबारा. जुन्या एमबीआर पद्धतीत हा सातबारा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतो, त्यातही जेमतेम ६४ बाइटमध्ये. चार नोंदी, संपलं. ही पद्धत १९८३ची आहे. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत जागा ठेवतं आणि सातबाऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. सातबारा फाटला म्हणून वावर वाहून जात नाही. नुसती नोंद बिघडली असेल तर तुमचा डेटा जागेवरच असतो, आणि दुकानात "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणाले तर घाईने हो म्हणू नका.

पण भावाच्या बाबतीत नुसती नोंद बदलायची नव्हती. सी वाढवायची तर रिकामी जागा सीच्या लगेच उजवीकडे लागते. डी लहान केली की जागा निघते डीच्या पलीकडे. म्हणजे सी आणि जागा यांच्या मध्ये अख्खी डी उभी. विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट इथे हात वर करतं, एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट दिसतं. ही बाहेरची सॉफ्टवेअरं मग डी उचलून पुढे सरकवतात. धुरा, म्हणजे बांध, नुसता सरकवायचा नाही, उभं पीक मुळासकट उपटून पलीकडे लावायचं! अर्ध्यात लाईट गेली की अर्धं पीक इकडे, अर्धं तिकडे.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या पडद्यावर टक्के हळूहळू का होईना पुढे सरकत असतील, तर हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवर हे काम तासन्‌तास चालतं. जेवून या, झोपून उठा.

सरकत नसेल आणि खरंच गोल गोल फिरत असेल, तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि ते नेमकं कुठून मागे फिरतंय ते बघा. सगळं निदान याच्यावर आहे.

कंपनीचा लोगो येतो आणि विंडोजचे गोल फिरणारे ठिपके यायच्या आधीच बंद पडतं? मग बहुतेक बूटची, म्हणजे विंडोज सुरू करून देणारी, फाइल सापडत नाही. ठिपके येतात, क्षणभर निळा पडदा (नव्या विंडोज ११मध्ये काळा) चमकतो आणि रीस्टार्ट? मग विंडोज सुरू होतंय, पण त्याला स्वतःचा ड्राइव्ह सापडत नाही किंवा फायली खराब आहेत. आणि ठिपक्यांच्या जागी त्या पार्टिशन सॉफ्टवेअरचाच काळा पडदा येतो, दोन ओळी दिसतात आणि पुन्हा रीस्टार्ट? हा भावाचा प्रकार. याच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, म्हणून मी इथेच थांबणार आहे.

आधी गोल फिरणं थांबवू. लोगो आला की पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच रिपेअरच्या निळ्या पडद्यावर येतं. नाही आलं तर दुसऱ्या कम्प्युटरवर आठ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून विंडोज घ्या आणि त्यावरून बूट करा. तिथे इन्स्टॉल दाबायचं नाही. रिपेअरचा पर्याय असतो, तो. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असेल तर ४८ आकडी की मागेल, ती बहुतेकांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते.

ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी आली की पहिली कमांड लिहायची ती नोटपॅड. हसू नका. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि तुमच्यासमोर अख्खा कम्प्युटर उघडला. इथून फोल्डर कॉपी करून बाहेरच्या ड्राइव्हवर पेस्ट करता येतात. दुरुस्ती नंतर, आधी फोटो आणि टॅलीचा डेटा बाहेर काढा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी म्हणून दिसतंय ते सी असेलच असं नाही. विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघून घ्या.

आता भावाचा प्रकार. विंडोज सुरू होताना, लॉगिनच्या कितीतरी आधी, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली, एक यादी वाचतं. तिचं नाव बूट एक्झिक्यूट. एरवी त्यात एकच ओळ असते, डिस्क तपासणाऱ्या ऑटोचेकची. पार्टिशन सॉफ्टवेअर तिथे आपली ओळ घालतं: "पुढच्या वेळी आधी मला उठवा." काम झालं की ती ओळ स्वतः काढतं. पण काम अर्ध्यात मेलं तर ओळ तशीच राहते. दर वेळी विंडोज त्याला उठवतं, ते आपलं अर्धवट काम बघतं, गडबडतं आणि रीस्टार्ट मारतं. विंडोज बिचारं धडधाकट आहे, दारातच कोणीतरी अडवून राहिलंय.

[पडद्यावर: रजिस्ट्री एडिटर]

त्याच काळ्या खिडकीत रेजएडिट लिहा. एचकी लोकल मशीनवर क्लिक करा, फाइल, लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल). विंडोज, सिस्टम ३२, कॉन्फिग, आणि त्यातली सिस्टम नावाची फाइल. तिची एक कॉपी आधी करून ठेवा, मी सांगतो म्हणून. लोड करताना नाव विचारेल, काहीही द्या. मग त्या नावाखाली कंट्रोल सेट ००१, कंट्रोल, सेशन मॅनेजर, आणि उजवीकडे बूट एक्झिक्यूट. उघडल्यावर ऑटोचेकची ओळ ठेवायची, अगदी पडद्यावर दिसतेय तशीच, शेवटच्या स्टारसकट. सॉफ्टवेअरची ओळ काढायची. मग अनलोड हाइव्ह आणि रीस्टार्ट.

भावाचं विंडोज पहिल्या फटक्यात आलं. मावशीने फोनवर देवाचं नाव घेतलं.

बाकीचे दोन प्रकार भरभर सांगतो. ठिपक्यांच्या आधीच मरत असेल तर बूटच्या फायली पुन्हा लिहायच्या. त्याच काळ्या खिडकीत डिस्कपार्ट, लिस्ट व्हॉल्यूम, त्यात फॅट ३२ चं साधारण १०० एमबीचं पार्टिशन शोधा, त्याला एस अक्षर द्या, बाहेर या आणि पडद्यावरची बीसीडीबूटची कमांड मारा. लोक बूटरेक फिक्सबूट मारतात आणि 'ॲक्सेस डिनाइड' बघून रडतात. यूईएफआय म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली पद्धत. अशा नव्या मशीनवर त्याच्या नादी लागू नका. अशा मशीनवर ते १०० एमबीचं पार्टिशनच नसेल, तर बहुतेक कोणीतरी "बिनकामाचं" म्हणून उडवलंय. डिस्क मॅनेजमेंट ते उडवू देत नाही, त्यासाठी डिस्कपार्टमध्ये ओव्हरराइड लिहावं लागतं. म्हणजे ते चुकून नाही, मेहनतीने उडवलेलं असतं!

निळा पडदा चमकत असेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये नऊ नंबर दाबा. आपोआप रीस्टार्ट बंद होतं आणि पडदा वाचता येतो. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसलं तर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) कोणी बदललाय का ते आधी बघा. घाबरून बायोसमध्ये शिरलेले लोक हे हमखास करतात.

आणि अख्खं पार्टिशनच गायब असेल तर टेस्टडिस्क. फुकट आहे, हरवलेल्या धुऱ्याच्या खुणा शोधून सातबारा पुन्हा लिहितं. मात्र डिस्कवर नवं काहीही लिहायच्या आधी वापरा.

आता भावाची डी. विंडोजमध्ये ती रॉ दिसतेय, म्हणजे विंडोजला ती वाचताच येत नाही. टेस्टडिस्कचा इथे उपयोग नाही, कारण पीकच अर्धं हललंय. त्याचाच जोडीदार फोटोरेक परवापासून चालवतोय. तो फोटो काढून देतो, पण नावं आणि फोल्डर देत नाही, नुसते नंबर. आतापर्यंत अकरा हजार फायली निघाल्यात. भाऊ खाली बसून त्यातून ताईच्या लग्नाचे फोटो शोधून राहिलाय, आणि यूपीएसची बॅटरी आणायला मी संध्याकाळी सीताबर्डीला जातोय.