झिरो हलला म्हणजे नेमकं काय हललं?

(जळगाव येथे नेमबाजी शिकणारी मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

"सर, झिरो हलला" ही तक्रार रेंजवर सतत कानावर येते. झिरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर, जिथे नेम धराल तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवणं, आणि साइट म्हणजे रायफलवरची नेम धरायची दुर्बीण किंवा साधी पट्टी. कालपर्यंत दहा गुणांच्या वर्तुळात बसणारी गोळी आज आठात जाते आणि मुलांचा हात आधी साइट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या नॉबकडे जातो. त्या हाताला थोडं थांबवावं, एवढ्यासाठीच मी आज बोलतोय.

आधी गोळीची वाट समजून घ्या. नळीतून सुटल्या क्षणापासून गोळी नळीच्या सरळ रेषेपासून खाली यायला लागते. केळीच्या बागेत लांबच्या खोडापर्यंत पाणी पोचवायचं तर पाइपाचं तोंड आपण जरा वर धरतो ना? नळीही तशीच नजरेच्या रेषेला किंचित वर रोखलेली असते. साइट मात्र नळीच्या वर, समजा ४ सेंटिमीटरवर बसवलेली. त्यामुळे गोळी खालून येते, नजरेची रेषा ओलांडून वर जाते आणि पुढे पुन्हा तिच्यावर उतरते. आपण जिथे झिरो करतो, ते अंतर या रेषेवरचं असतं. रेषा ओलांडायच्या त्या दोन जागा सोडल्या, तर बाकी सगळीकडे गोळी रेषेच्या वर तरी असते, नाहीतर खाली.

आपली पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची गोळीची रायफल घ्या. साध्या गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ५० मीटरवर झिरो केला, तर २५ मीटरवर ती साधारण १ सेंटिमीटर वर लागेल आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटरच्या आसपास खाली. उलट, २५ वर झिरो केलेली रायफल ५० वर जवळपास २ सेंटिमीटर खाली मारते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे नेम अचूक असूनही आठच मिळणार. शिबिरात २५ वर छान मारणारी पोरं इथेच खचतात. पालकांनो, अशा वेळी मुलाला बोलू नका, आधी अंतर विचारा.

आता दोष शोधण्याकडे येऊ. एका गोळीवरून काही ठरवायचं नाही. नॉबला हात न लावता, एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या मारा आणि कागद जवळ आणून बघा. पाचही छिद्रं एकमेकांना चिकटून, पण मध्यापासून दूर असतील, तर साइट हलवायची. छिद्रं विखुरलेली असतील, तर साइट कितीही फिरवा, उपयोग शून्य. मग रायफल रिकामी करा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, उघडून तपासा आणि साइट रायफलला धरून ठेवणाऱ्या माउंटचे स्क्रू बघा. बोटाने दाबल्यावर दुर्बीण केसभर जरी हलली, तरी चोर सापडला. स्क्रू पक्के असतील, तर गाल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकतोय का आणि रायफल एका बाजूला कलतेय का, ते दुसऱ्याला बघायला सांगा. स्वतःचं स्वतःला कळत नाही.

नंतर गोळ्यांचा डबा. ब्रँड तोच असला, तरी लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेला गोळ्यांचा गट, बदलला की वेग बदलू शकतो. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसं बनतात. तिथे नोकरी केलेलं कुणी इथे असेल, तर लॉटचं महत्त्व त्यांना सांगायला नको. आणि आपला मे महिना! पारा ४५ च्या घरात असताना गाडीच्या डिकीत तापलेल्या गोळ्यांची दारू जास्त जोराने जळते. वेग सेकंदाला १० मीटरने वाढला, तर ५० मीटरवर नुसत्या हिशेबानेच गोळी ७ मिलिमीटर वर जाते. डबा सावलीत ठेवा.

हे सगळं तपासून झालं, की मग नॉब. नॉब फिरवताना होणारा एक टक् आवाज म्हणजे एक क्लिक. पाव मिनिटाची (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) एक क्लिक ५० मीटरवर गोळी साडेतीन मिलिमीटर सरकवते. २ सेंटिमीटर खाली लागत असेल, तर पाच-सहा क्लिक वर. दुर्बीण नसलेल्या, पुढे-मागे दोन पट्ट्या असलेल्या साध्या साइटवर मागची साइट जिकडे न्याल तिकडे गोळी जाते, पुढची हलवली तर उलटीकडे. घाईत इथेच गफलत होते. क्लिक दिल्या, की पुन्हा पाच गोळ्या मारा आणि अंतर, लॉट, ऊन-वारा वहीत लिहून ठेवा.