भेडाघाट : आधी पायी, मग नावेतून

श्रोतेहो, नमस्कार. जबलपूरला गेलेला माणूस नर्मदेच्या संगमरवरी कड्यांचा भेडाघाट बघितल्याशिवाय सहसा परतत नाही. शहरापासून अंतर जेमतेम 20-25 किलोमीटर. पण बहुतेकांचा भेडाघाट म्हणजे धुआंधार धबधब्यापाशी फोटो, पंचवटी घाटावरून नावेची एक फेरी आणि लगेच गाडी. मी म्हणेन, दिवस मोकळा ठेवा आणि नर्मदा ज्या दिशेनं वाहते त्या दिशेनं पायी चला.

सुरुवात धुआंधारापासून. रुंद पसरलेली नर्मदा इथं एकदम आवळली जाते आणि खाली कोसळते. उडणाऱ्या तुषारांचा धूर, म्हणून धुआंधार. भर पावसाळ्यात मात्र हाच धबधबा जवळजवळ नाहीसा होतो. खालच्या घळीतलं पाणी इतकं चढतं, की पडायला उंचीच उरत नाही!

तिथून पंचवटीकडे येताना वाटेत टेकडीवर चौसष्ट योगिनींचं मंदिर लागतं. शंभरावर पायऱ्या आहेत, पण टाळू नका. दहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळातलं हे गोलाकार आवार. भोवती योगिनींच्या मूर्ती, बऱ्याचशा भंगलेल्या. वरून नर्मदेचं वळण दिसतं आणि आपण कुठून कुठे आलो ते नीट कळतं. कड्यांच्या काठावर जपून उभे राहा. पाण्यानं घासलेला दगड भारी निसरडा.

आता नाव. ती पंचवटीहून प्रवाहाच्या उलट आत शिरते. दोन्ही बाजूंना शंभर फुटांच्या आसपास उंचीचे संगमरवरी कडे. सगळे पांढरे असतील असं समजू नका. गुलाबी, निळसर, करडे, काही तर काळपट. मॅग्नेशियम जास्त असलेला हा दगड. गावात मूर्ती घडवणारे कारागीर दिसतात, त्यांचा व्यवसाय इथल्याच मऊ दगडावर उभा राहिला.

नावाडी यमक जुळवत हिंदीतून माहिती देतात. काही थापा, पण झकास! ‘बंदरकूदनी’ला कडे इतके जवळ येतात, की म्हणे माकडं या काठावरून त्या काठावर उड्या मारत. ‘भूलभुलैया’त नदी नेमकी कुठून आली तेच समजेनासं होतं. इथे ओरडू नका, विडी-सिगारेट तर नकोच. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात.

पावसाळ्यात नावा बंद असतात. वरच्या अंगाला बरगी धरण आहे, त्यातून पाणी सोडलं तर इतर दिवसांतही थांबावं लागतं. शरद पौर्णिमेच्या सुमारास इथे नर्मदा महोत्सव भरतो, चांदणंही असतं आणि गर्दीही तेवढीच. निवांतपणा हवा असेल तर हिवाळ्यातली सकाळ निवडा आणि नावेत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागून घ्या, कुणी दिलं नाही तरी.