आपण लोकांना कसे वाटतो?

अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. एका विद्यार्थ्याला टी-शर्ट घालायला देतात. छातीवर गायक बॅरी मॅनिलोचा भलामोठा चेहरा. त्या वयाच्या मुलांना हा गायक अगदीच जुनाट वाटायचा. शर्ट घालून त्याला एका खोलीत पाठवतात, आत बाकीची मुलं बसलेली. थोड्या वेळानं बाहेर बोलावून विचारतात, शर्टावर कोण आहे ते किती जणांना सांगता येईल?

निम्म्यांना तरी येईल, असा सर्वसाधारण अंदाज. प्रत्यक्षात सांगता आलं जेमतेम पाव मुलांना.

थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मिरवावासा वाटेल असा शर्ट, बॉब मार्लीचा किंवा मार्टिन ल्यूथर किंगचा, घातला तरी अंदाज असाच फसला.

पण नजरेत भरणं वेगळं आणि आवडणं वेगळं. २०१८ साली एरिका बूथबी, गस कूनी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवली, पाच मिनिटं गप्पा मारायला सांगितलं. मग दोघांना वेगवेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला? आणि तुम्ही त्याला किती आवडलात? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी हात आखडता घेतला. समोरच्याला ते त्याहून जास्त आवडले होते. लाजाळू माणसांत ही तफावत आणखी मोठी.

असं का होतं? बोलताना आपलं अर्धं लक्ष स्वतःवरच असतं. तो विनोद फसला, हे बोलायला नको होतं, हात कुठे ठेवू! समोरच्याला यातलं काही ऐकू येत नाही. त्याला दिसतं ते आपलं हसणं, आपण विचारलेला प्रश्न. शिवाय तोही त्याच वेळी स्वतःच्या चुका मोजत असतो. मला यातली ही गोष्ट फार जवळची वाटते.

येल विद्यापीठात पहिल्या वर्षाची एकत्र राहणारी मुलं अभ्यासली, तेव्हा हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला आढळला. रोज एका छताखाली राहूनसुद्धा!

असे गैरसमज थोडेफार सैल करता येतात. २००३ साली गिलोविच आणि केनेथ सावित्स्की यांनी भाषणाआधी काही विद्यार्थ्यांना एवढंच समजावलं, की तुमची धडधड तुम्हाला वाटते तितकी लोकांना दिसत नाही. त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. तसं ऐकणाऱ्यांनाही वाटलं, आणि स्वतः बोलणाऱ्यांनाही.