पाणबुडीची बॅटरी

श्रोतेहो, नमस्कार. मी पलूस तालुक्यातला, नौदलात पाणबुडीवर इलेक्ट्रिशियन होतो. गावातली पोरं टॉर्पेडोबद्दल विचारतात. माझी निम्मी नोकरी मात्र बॅटरीच्या देखभालीत गेली, आणि मला ती अभिमानाची वाटते.

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचं इंजिन खोल पाण्यात बंद असतं, कारण त्याला हवा लागते. तिथं पाणबुडीला पुढं ढकलणारा पंखा फिरतो तो बॅटरीवर, जवळजवळ आवाज न करता. म्हणून ती शत्रूला सहजी सापडत नाही. बॅटरी उतरली की मात्र वर यावं लागतं. नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिन चालवायचं, चार्जिंग करायचं. तेवढा वेळ जिवावरचा, कारण इंजिनाचा आवाज लांबवर जातो.

आपल्याला बॅटरी ठाऊक ती ट्रॅक्टरची. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी २०१७ मध्ये नौदलात आली. तिच्यात ३६० सेल आहेत, एकेक ७५० किलोचा. म्हणजे २७० टन, उसाच्या पंचवीस-तीस ट्रॉल्या भरतील एवढं वजन!

चार्जिंग करताना सेलमधून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरे. समुद्राचं पाणी सेलमध्ये गेलं तर विषारी क्लोरीन. ठिणगी पडू नये म्हणून बॅटरीच्या कप्प्यात उतरताना आम्ही घड्याळ, अंगठी, चेन सगळं काढून ठेवायचो. तुळशीची माळ तेवढी गळ्यात राहायची. छत इतकं ठेंगणं की आडवं होऊनच सरकायचं. प्रत्येक सेलमधलं पाणी, आम्लाची घनता (ती घसरली म्हणजे सेल उतरला), तापमान बघून वहीत लिहायचं.

‘शंकुश’ ही पाणबुडी १९८६ ची. तिचं आयुष्य वाढवायला २०२३ मध्ये २,७२५ कोटींचा करार झाला. जुन्या बोटीवर एवढा खर्च कशाला, असं लोक म्हणतात. २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ या अशाच जुन्या पाणबुडीवर धूर कोंडून दोन अधिकारी गेले, तेव्हापासून मला तो खर्च जास्त वाटत नाही.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. घामाघूम झालो होतो, शेवटच्या रांगेतल्या सेलची घनता न मोजताच कालचा आकडा लिहिला. आमचे चीफ मालवणकडचे. त्यांनी वही पाहिली, रागावले नाहीत. घनता मोजायचं हायड्रोमीटर घेऊन स्वतः खाली उतरले आणि मला हाक मारली, “ये बाळा, हा सेल आपण दोघं मिळून बघू.” त्या सेलची घनता खरंच घसरली होती.